वाद्यांचा तह

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. पुतणीच्या अभ्यासासाठीं घेतलेला डिजिटल पियानो एके दिवशीं अकस्मात् मुका झाला. वीज येत होती, पुढचा लहान पडदा उजळत होता, इतकेंच नव्हे तर वाद्यांत आधींच भरून ठेवलेली नमुन्याची चीज बटण दाबतांच स्वच्छ वाजत होती. परंतु पट्टीवर बोट ठेवलें कीं लांकडावर टिचकी मारल्यासारखा आवाज होई आणि त्यापुढें कांहीं नाहीं. परीक्षा आठ दिवसांवर आलेली. दुरुस्तीसाठीं बोलाविलेल्या गृहस्थांनीं पट्ट्यांखालची सर्व विद्युत्-योजनाच बदलावी लागेल असें सांगून खर्चाचा जो आंकडा उच्चारिला, तो ऐकून घरांतील वडील मंडळी क्षणभर त्या पियानोसारखीच मुकी झाली. माझे वडील उमेदीच्या काळांत भजनास व नाट्यपदांस पेटीची साथ करीत असत. ते एवढेंच म्हणाले, "अरे, भाता फाटला म्हणजे पेटी बोलत नाहीं, हें मला समजतें. पण हिचा भाताहि शाबूत आणि गळाहि शाबूत. मग हिला झालें तरी काय?"

वडिलांच्या ह्या प्रश्नांतच उत्तर दडलेलें होतें. रात्रीं वाद्याबरोबर आलेली पुस्तिका चाळीत बसलों असतां शेवटच्या पानांवर 'लोकल कंट्रोल' नांवाची एक योजना आढळली. आणि आमच्या वाद्यांत ती 'बंद' अशा स्थितींत होती. दोन दिवसांपूर्वीं पुतणीनें पियानो संगणकास जोडून आपलें वादन त्यांत उतरून घेण्याचा प्रयत्न केला होता. त्या खटपटींत ही योजना बंद केली गेली. आणि वीज काढून घेतल्यावरहि आमचें वाद्य अशी आज्ञा विसरत नसल्यामुळें तो मुकेपणा तसाच राहिला. योजना पुन्हां 'चालू' केली, आणि पियानो पहिल्यासारखा बोलूं लागला. खर्च एका पैचाहि झाला नाहीं.

प्रसंग येथें संपला. पण मनांत एक शंका राहिली. पट्टी आणि तिचा स्वर ह्यांचा संबंध अजिबात तोडून टाकण्याची सोय एखादा शहाणा कारागीर आपल्या वाद्यांत बुद्ध्या कां करून ठेवील? ह्या शंकेचा माग काढीत गेलों असतां जो इतिहास हातीं लागला, तो संगीताच्या इतिहासाइतकाच व्यापाराचा, आणि व्यापाराच्या इतिहासाइतकाच मनुष्यस्वभावाचाहि आहे. एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या कारखानदारांनीं आपखुषीनें एक तह केला आणि तो चाळीस वर्षांहून अधिक काळ पाळला, असा हा वृत्तांत आहे. ज्या घरांत मुलें डिजिटल पियानोवर शिकत आहेत अशा घरांची संख्या आपल्याकडेहि वाढत चालली असल्यामुळें तो वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

इ. स. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथें बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नामक कारागिरानें पियानो सिद्ध केला. त्या वाद्यांत पट्टी दाबली कीं हातोडी उचलली जाते, हातोडी तारेवर पडते आणि स्वर उमटतो. बोटापासून तारेपर्यंत ही एक सलग सांखळी आहे. आपल्या पेटींतहि तेंच. पट्टी उघडते, भात्यांतील हवा पितळी सुरीवरून वाहते आणि ती सुरी बोलते. वाजविणाऱ्याच्याच अंगचा जोर स्वरापर्यंत पोंचतो. हीं दोन टोंकें एकमेकांपासून वेगळीं करतां येतील ही कल्पना त्या काळीं सहसा कोणास सुचत नसे.

ह्या कल्पनेस मोठें बळ मिळालें तें विणकामाच्या वाटेनें. फ्रान्समध्यें जोसेफ जॅकार ह्यानें १८०४ च्या सुमारास भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांनीं चालणारा माग तयार केला. कोणता धागा उचलावयाचा आणि कोणता खालीं ठेवावयाचा, हें विणकराच्या हातांनीं न ठरवितां पुठ्ठ्यावरील भोंकांनीं ठरवावें, अशी ती युक्ति होती. तीच पुढें वाद्यांत आली. १८९५ च्या सुमारास अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं एडविन व्होटी ह्यानें 'पियानोला' बनविला. त्यांत कागदाची एक लांब गुंडाळी हळूहळू उलगडत जाई. कागदावरील भोंक पितळी पट्टीच्या छिद्रावर आलें कीं पायानें चालविलेल्या भात्याच्या शोषणानें नेमकी तेवढीच पट्टी दबली जाई. वाजविणारा मनुष्य समोर नसतांना वादन मात्र होई. स्वर आणि स्वराची आज्ञा ह्यांची फारकत येथें झाली. गुंडाळींत स्वर नव्हता. 'ह्या क्षणीं ही पट्टी दाब' एवढी आज्ञा मात्र होती.

परंतु ह्या नव्या धंद्यांत लौकरच गोंधळ माजला. ज्याच्या त्याच्या गुंडाळीची रुंदी निराळी, भोंकांमधील अंतर निराळें. एका कारखान्याचा पियानोला घेतलेल्या गृहस्थास दुसऱ्या कारखान्याची गुंडाळी निरुपयोगी. शेवटीं डिसेंबर १९०८ मध्यें न्यूयॉर्क संस्थानांतील बफेलो येथें अमेरिकेंतील कारखानदार एकत्र जमले, आणि गुंडाळीची रुंदी सव्वाअकरा इंच असावी, ६५ स्वरांच्या गुंडाळीस इंचास सहा भोंकें व ८८ स्वरांच्या गुंडाळीस इंचास नऊ भोंकें असावीं, असें त्यांनीं ठरविलें. ठराव दिसावयास क्षुल्लक आहे. पण त्यामुळें कोणाचीहि गुंडाळी कोणाच्याहि वाद्यावर वाजूं लागली. वाद्यांच्या जगांतील हा पहिला मोठा तह होय. पुढें जो दुसरा तह झाला, त्याच्या कर्त्यांपुढें प्रश्न हाच होता. कागदाच्या जागीं वीज आली होती इतकेंच.

१९६४ सालीं रॉबर्ट मूग ह्यानें अमेरिकेंत आपला सिंथेसायझर लोकांपुढें मांडला. त्यांत कोणता स्वर वाजावयाचा हें विजेच्या दाबानें ठरे. एक व्होल्ट वाढला कीं स्वर एक सप्तक वर जाई. हें माप अनेकांनीं उचललें. परंतु जपानांतील कोर्ग व यामाहा ह्या कंपन्यांच्या कित्येक वाद्यांत दाब दुप्पट केल्यावर सप्तक चढे. म्हणजे दोघांचींहि वाद्यें विजेचीच भाषा बोलत. पण एकाचा 'सा' दुसऱ्यास भलताच ऐकूं येई. पुढें १९७८ सालीं कॅलिफोर्नियांतील डेव्ह स्मिथ ह्याच्या सीक्वेन्शिअल सर्किट्स ह्या कंपनीनें 'प्रॉफेट-५' हें वाद्य काढलें. त्यांत पांच स्वर एकदम वाजत, आणि आंत बसविलेल्या लहान संगणकामुळें वादकानें जुळविलेले आवाज स्मरणांत राहत. वाद्याच्या पोटांत असा संगणक आल्यावर विजेच्या दाबाऐवजीं आंकड्यांनींच बोलावें, हें ओघानेंच आलें. पण येथेंहि प्रत्येक कंपनीनें आपली खासगी बोली तयार केली. ओबरहाइम कंपनीची एक, रोलंडची दुसरी, सीक्वेन्शिअलची तिसरी. ज्या वादकानें तीन कंपन्यांचीं तीन वाद्यें विकत घेतलीं, त्याला तीं एका हातानें वाजविण्याची सोय नव्हती.

ह्या अवस्थेचा त्रास सर्वांत अधिक ज्यास जाणवला तो मनुष्य जपानचा होता. रोलंड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी ह्यांचा जन्म १९३० सालीं ओसाका येथें झाला. लहानपणींच आईबाप गेले. तारुण्यांत क्षयानें गांठलें. घड्याळें व रेडिओ दुरुस्त करण्याच्या धंद्यानें आयुष्याचा आरंभ झाला. १९७२ सालीं त्यांनीं रोलंड कंपनी काढली. संगीताचें रीतसर शिक्षण त्यांना मिळालें नव्हतें. परंतु दुरुस्ती करणाऱ्या मनुष्यास एक गोष्ट चांगली ठाऊक असते. दोन यंत्रें एकमेकांस बसत नाहींत, तेव्हां खोळंबा त्यांच्या मालकाचा होतो, आणि अखेरीस नुकसान धंद्याचें होतें. जून १९८१ मध्यें अमेरिकेंत वाद्यांच्या व्यापाऱ्यांचें प्रदर्शन भरलें असतां काकेहाशींनीं टॉम ओबरहाइम ह्यांच्यापाशीं गोष्ट काढली कीं, सर्व वाद्यांस समजेल अशी एक भाषा हवी. तेथून ती डेव्ह स्मिथ ह्याच्यापर्यंत गेली. त्याच वर्षाच्या शरदऋतूंत स्मिथ व त्याचे सहकारी चेट वुड ह्यांनीं न्यूयॉर्क येथें ऑडिओ एंजिनियरिंग सोसायटीच्या अधिवेशनांत ह्या भाषेचा पहिला मसुदा निबंधरूपानें वाचला.

मसुदा वाचला गेला तरी सर्वांस तो रुचला असें मात्र झालें नाहीं. जानेवारी १९८२ मध्यें अनेक कंपन्यांचे प्रतिनिधि एकत्र बसले. कोणास ही भाषा फार मंद वाटली, कोणास ती फार तोकडी वाटली. अधिक वेगवान व अधिक समृद्ध योजना व्हावी असा कित्येक अमेरिकन कंपन्यांचा आग्रह होता. परंतु समृद्ध योजना म्हणजे महाग योजना. आणि महाग योजना म्हणजे ती श्रीमंतांच्याच वाद्यांत बसणार. अखेरीस सीक्वेन्शिअल ही एक अमेरिकन कंपनी आणि रोलंड, यामाहा, कोर्ग व कावाई ह्या चार जपानी कंपन्या एवढ्यांनींच काम पुढें चालविलें. भाषा, अंतर व व्यापारी वैर ह्या तिन्ही अडचणींतून वर्षभर पत्रव्यवहार चालून मसुदा पक्का झाला. तिचें नांव 'म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस'. त्याच्या आद्याक्षरांवरून 'मिडी'.

तहाच्या कलमांत काटकसर पदोपदीं दिसते. स्मिथच्या मसुद्यांत सेकंदास १९,२०० विद्युत्-खुणा जात. त्या वाढवून ३१,२५० करण्यांत आल्या. हा आंकडा असा विचित्र कां, असें कोणी विचारील. दहा लाखांस ३२ नें भागलें असतां ३१,२५० येतात. आणि त्या काळच्या स्वस्त संगणकांचें घड्याळ दहा लाखांच्या पटींत चालत असल्यामुळें हा वेग त्यांजकडून फुकटांत मिळत असे. जोडणीसाठीं पांच टांचण्यांची जी गोल खुंटी निवडली, ती युरोपांत घरगुती ध्वनियंत्रांस आधींपासूनच वापरांत होती. तिच्या पांचांपैकीं तीनच टांचण्या कामास लावल्या. आणि दोन वाद्यांतील वीज एकमेकींत मिसळून घरघर उत्पन्न होऊं नये, म्हणून घेणाऱ्या वाद्याच्या दाराशीं एक बारीक दिवा व त्याचा प्रकाश पाहणारा एक डोळा बसविला; संदेश तेवढा प्रकाशाच्या वाटेनें आंत जातो, वीज बाहेरच राहते.

जानेवारी १९८३ मध्यें कॅलिफोर्नियांतील ॲनहाइम येथील प्रदर्शनांत सीक्वेन्शिअलचें 'प्रॉफेट-६००' व रोलंडचें 'ज्युपिटर-६' हीं दोन वाद्यें एका साध्या तारेनें जोडण्यांत आलीं. एकावर पट्टी दाबली आणि दुसरें बोललें. दोन देशांतील, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचीं वाद्यें एकमेकांचें बोलणें जाहीरपणें समजलीं, तो हा प्रसंग. ऑगस्ट १९८३ मध्यें ह्या भाषेचा पूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला. आणि ह्या तहाचें सर्वांत मोठें कलम असें कीं, त्याच्या कर्त्यांनीं त्यावर हक्क सांगितला नाहीं. कोणीहि ही भाषा आपल्या वाद्यांत घालावी. त्याबद्दल कोणास कांहीं देणें लागत नाहीं. स्मिथ व काकेहाशी ह्यांना २०१३ सालीं ह्या कामगिरीबद्दल ग्रॅमी पारितोषिक देण्यांत आलें. काकेहाशी २०१७ सालीं वारले आणि स्मिथ २०२२ सालीं. भाषा मात्र चालूच आहे.

आतां ही भाषा बोलते तरी काय, हें पाहूं. तारेंतून सूर जात नाहीं. सुराची आज्ञा जाते, हें आधीं ध्यानांत घ्यावें. पियानोचा मधला 'सी' मध्यम जोरानें दाबला कीं तारेंतून तीन आंकडे निघतात : १४४, ६०, ६४. पहिल्याचा अर्थ, 'पहिल्या चॅनलवर स्वर सुरू कर'; दुसऱ्याचा अर्थ, 'तो स्वर साठ क्रमांकाचा'; तिसऱ्याचा अर्थ, 'एवढ्या जोरानें'. स्वरांचे क्रमांक ० पासून १२७ पर्यंत आहेत. पियानोच्या ८८ पट्ट्या त्यांतील २१ ते १०८ एवढी जागा व्यापतात. जोरहि १२७ पायऱ्यांनींच मोजावयाचा. बोट उचललें कीं 'स्वर थांबव' अशी दुसरी आज्ञा जाते. एका आज्ञेस साधारण सेकंदाचा हजारावा भाग लागतो. दहाहि बोटें एकदम पडलीं तर शेवटचा स्वर पहिल्याहून सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा मागें राहील. कानास तें बहुधा कळत नाहीं.

ह्या व्यवहारांत एक गंमतीचा धोकाहि आहे. 'सुरू कर' ही आज्ञा पोंचली आणि 'थांबव' ही पोंचण्यापूर्वींच तार निसटली, तर घेणारें वाद्य तो स्वर लांबवीतच राहतें. मालकानें 'जरा थांब' म्हणून सांगितलेला इमानी नोकर मालक परत न आल्यामुळें उभाच राहावा, तशी त्याची स्थिति होते. म्हणून 'सर्व स्वर थांबवा' अशी १२३ क्रमांकाची एक निराळी आज्ञा ठेवावी लागली. कित्येक वाद्यें तर सेकंदास तीन-चार वेळां 'मी आहें, मी आहें' असा संदेश पाठवीत राहतात. तो थांबला म्हणजे तार तुटली असें समजून पलीकडचें वाद्य आपण होऊन गप्प बसतें.

घरच्या डिजिटल पियानोवर ह्या भाषेशीं संबंध असलेल्या ज्या योजना असतात, त्यांचा अर्थ आतां सहज लागेल. पहिली चॅनलची. एका तारेंतून सोळा निरनिराळ्या वाद्यांशीं बोलतां यावें म्हणून सोळा चॅनल कल्पिले आहेत. पाठविणाऱ्याचा व ऐकणाऱ्याचा चॅनल एकच असला पाहिजे, नाहींतर पत्र बरोबर आणि पत्ता चुकीचा असा प्रकार होतो. दुसरी योजना आवाज बदलण्याच्या आज्ञेची. आपण पियानोचा आवाज बदलून ऑर्गनचा घेतला कीं जोडलेल्या वाद्यासहि 'तूंहि बदल' असा हुकूम जातो. तो नको असेल तर ही योजना बंद ठेवावी. तिसरी पेडलांची. स्वर लांबविणाऱ्या पेडलास ६४ हा क्रमांक आहे. त्याची किंमत ० ते ६३ असली तर पेडल वर, ६४ ते १२७ असली तर पेडल खालीं. मूळ तहांत हें पेडल दिव्याच्या बटणासारखें, एक तर चालू नाहीं तर बंद, असेंच कल्पिलेलें होतें. पण खऱ्या पियानोवर पाय अर्धवट दाबूनहि काम करतां येतें, म्हणून चांगलीं डिजिटल वाद्यें मधल्या किंमतीहि पाठवितात. पलीकडच्या वाद्यास त्या समजत नसतील, तर वादकाचा अर्धा पाय त्याच्या लेखीं पूर्णच ठरतो.

चौथी योजना आमच्या घरीं जिनें घोटाळा केला ती, 'लोकल कंट्रोल'. डिजिटल पियानो हीं वस्तुतः एका कवचांतील दोन यंत्रें आहेत : एक पट्ट्यांचें आणि एक आवाज काढणारें. पियानोल्यानें जी फारकत केली, ती येथें पूर्ण झाली आहे. एरवीं ह्या दोहोंमध्यें आंतल्या आंत एक वाट असते. परंतु वाद्य संगणकास जोडलें असतां संगणकहि बहुधा आलेला संदेश परत पाठवितो. मग तोच स्वर एकदां आंतल्या वाटेनें व एकदां संगणकाला वळसा घालून असा दोनदां वाजतो, आणि आवाज पोकळ व दुहेरी ऐकूं येतो. म्हणून आंतली वाट बंद करण्याची सोय ठेविली. तिचा क्रमांक १२२. संगणक चालू असेपर्यंत सर्व ठीक; तो काढून घेतला कीं पट्ट्या एकीकडे व गळा दुसरीकडे, आणि मध्यें वाटच नाहीं. वडिलांचें निदान अक्षरशः खरें होतें. भाताहि शाबूत होता आणि गळाहि शाबूत होता. दुरुस्तीच्या गृहस्थांस आम्ही दोष देत नाहीं. जें मोडलेलेंच नाहीं तें दुरुस्त करण्याची विद्या निराळी आहे, आणि ती पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर लहान टाइपांत छापलेली असते.

ह्या तहांत एकवाक्यता सर्वत्र साधली असें मात्र समजूं नये. साठ क्रमांकाचा स्वर सर्वांस एकच आहे; पण त्यास यामाहा 'सी-३' म्हणते आणि रोलंड 'सी-४' म्हणते. तारेंतून चॅनल ० ते १५ असे जातात, पडद्यावर मात्र १ ते १६ असे दिसतात. यंत्रांनीं समेट केला तो आंकड्यांत. नांवांविषयींचा अभिमान कोणी सोडला नाहीं.

येथपर्यंत तहाचा लाभ सांगितला. आतां त्याची किंमत सांगितली पाहिजे, कारण ती अंशतः आपण भरली आहे. ह्या भाषेंत सप्तकाचे भाग बाराच. १२८ क्रमांक सर्व ह्या बारांच्याच आवृत्ति होत. ज्या शुद्ध गांधाराचें षड्जाशीं पांचास चार असें प्रमाण असतें, त्याहून समान बारा भागांचा गांधार सुमारें चौदा सेंट, म्हणजे अर्ध्या स्वरांतराच्या सातव्या हिश्शाएवढा, चढा असतो. हा वाद महाराष्ट्रास नवा नाहीं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजींत ग्रंथ लिहिला. त्यांच्या विचारास अनुसरून न्यायखात्यांतील अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स ह्यांनीं लंडनमध्यें श्रुतींची पेटी करवून घेतली. पुढें १९४० सालीं तर आकाशवाणीनें पेटीलाच मज्जाव केला, तो १९७१ पर्यंत टिकला. आक्षेप हाच कीं, पट्ट्यांच्या वाद्यांत मींड नाहीं आणि श्रुति नाहीं. मिडीच्या कर्त्यांपुढें हा वाद नव्हता. पण त्यांनीं जी चौकट ठरविली तींत आपल्या गायनाचा जीव कसा मावावयाचा, हा प्रश्न तिनें नव्यानें उभा केला.

स्वर वाकविण्याची सोय त्यांनीं ठेविली नाहीं असें नाहीं. त्यासाठीं १६,३८४ पायऱ्यांचें एक निराळें माप आहे, आणि तें पुष्कळच बारीक आहे. पण तें एका स्वरास लागू होत नसून सबंध चॅनलला लागू होतें. म्हणजे एका बोटानें षड्ज धरून दुसऱ्या बोटानें गांधारावर मींड घ्यावी म्हटलें, तर षड्जहि त्याच्याबरोबर वाकतो. तंबोऱ्यानेंच गवय्यामागें घसरावें, असा हा प्रकार. १९९१ सालीं आवाजांची जी सामाईक यादी ठरली, तींत १२८ आवाजांमध्यें सतारीस १०५ वी व सनईस ११२ वी जागा मिळाली. सतारीचें नांव आलें, आवाजहि आला; पण सतार ज्या ओढीसाठीं ओळखली जाते ती ओढ त्या क्रमांकाबरोबर आली नाहीं.

ह्यावर इलाज झाले, आणि ते तह न मोडतां झाले ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. १९९२ सालीं प्रत्येक स्वर निराळा जुळविण्याच्या आज्ञा ठरविण्यांत आल्या. २०१८ सालीं अशी रीत मान्य झाली कीं, प्रत्येक बोटास स्वतंत्र चॅनल द्यावा, म्हणजे एकाची मींड दुसऱ्यास बाधत नाहीं; सोळा चॅनलांचा असाहि उपयोग होईल हें मूळ कर्त्यांच्या स्वप्नींहि नसेल. आणि जानेवारी २०२० मध्यें 'मिडी २.०' मंजूर झालें. तींत जोर मोजण्याच्या पायऱ्या ६५,५३६ झाल्या, आणि एकेका स्वरास स्वतंत्रपणें वाकविण्याची सोय झाली. ह्या नव्या भाषेंत दोन वाद्यें भेटलीं कीं आधीं एकमेकांस विचारतात, 'तुला नवी बोली येते काय?' उत्तर आलें नाहीं, तर दोघें निमूटपणें १९८३ च्या बोलीवर येतात. ज्या वडील माणसांस नवी भाषा येत नाहीं त्यांच्याशीं जुन्या भाषेंत बोलण्याची रीत घरंदाज कुटुंबांत असते. यंत्रांनीं ती उचललेली पाहून बरें वाटतें.

ह्या सर्व इतिहासावरून आम्हांस एक गोष्ट दिसते ती अशी. १९८२ सालीं ज्यांनीं अधिक वेगवान व अधिक समृद्ध भाषा मागितली, त्यांचें म्हणणें चुकीचें नव्हतें. मिडी तोकडी होतीच. आपल्या संगीतापुरतें बोलावयाचें तर फारच तोकडी होती. पण ती स्वस्त होती, कोणाच्या मालकीची नव्हती, आणि प्रत्येकाला आपल्या घरांत बसवून घेतां येईल इतकी लहान होती. म्हणून ती सर्वांत पसरली. आणि सर्वांत पसरल्यामुळेंच पुढें तिची दुरुस्ती करणें सर्वांच्या हिताचें झालें. पूर्ण भाषेची वाट पाहत बसले असते, तर कदाचित् आजहि प्रत्येक कंपनीची बोली निराळी राहिली असती, आणि मींड मात्र तेव्हांहि मिळाली नसतीच. तथापि जो हिशेब बाराच घरांत मांडला गेला, त्या हिशेबाबाहेर काय राहिलें ह्याची आठवण ठेवणारा कोणी तरी लागतो. तें काम आपल्याकडील कानांचें आहे. यंत्र बनविणारे तें आपण होऊन करणार नाहींत.

पुतणीची परीक्षा यथावकाश पार पडली. त्यानंतर एके संध्याकाळीं वडील त्या पियानोपाशीं जाऊन बसले. एक-दोन पट्ट्या दाबून पाहिल्या, मग यमनाची ओळख पटेल एवढे स्वर वाजविले, गांधारावर थोडे थांबले आणि मान हलविली. मी म्हटलें, "बाबा, हिच्यांत मींड नाहीं, गांधारहि चढा आहे, हें मी वाचलें." ते म्हणाले, "वाचायला कशाला हवें? पेटींत तरी कुठें होती मींड? आम्हीं गाणाऱ्याच्या मागें मागें जाऊन ती झांकून नेत असूं." मग पुतणीस हांक मारून त्यांनीं तिला बंद करावयाच्या व चालू ठेवावयाच्या योजनांचीं नांवें एका कागदावर लिहून काढावयास सांगितलीं. तो कागद सध्यां पियानोच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस चिकटविलेला आहे. त्यावर पहिली ओळ 'लोकल : चालू' अशी आहे.